सरजाबाईंना ऐकू आलं नाही तो शुक्रवार

माझं नाव महारुद्र. ख्रिस्ती माणसाचं हे नाव ऐकून नव्या पाळकांना दरवेळी ठसका लागतो. आजोबांनी ते ठेवलं तेव्हा आमचं घर ख्रिस्ती झालं नव्हतं. बाप्तिस्मा झाला तोवर मी तिसरीत पोचलो होतो, आणि वडील म्हणाले, शाळेच्या हजेरीत चढलेलं नाव आता कशाला खोडायचं. मग तेच राहिलं.

नोकरी एसटीत झाली. परभणीच्या बसस्थानकावर खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे मला दोन गोष्टींची मनापासून चीड आहे. एक, उशिरा येणारी गाडी. दुसरी, "प्रभू मला म्हणाला" असं चारचौघांत सांगणारा माणूस. गाडीच्या उशिराचं निदान काहीतरी कारण तरी सांगता येतं.

निवृत्त होऊन झरीला गावच्या घरी आलो तर शेजारी नेमक्या सरजाबाई. म्हणजे त्या आधीपासून होत्याच. किशनराव, त्यांचे मालक, माझे लहानपणचे दोस्त. किशनरावांनी घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकली आणि काही वर्षांत ते देवाघरी गेले. तेव्हापासून गिरणी सरजाबाई चालवतात. ठेंगणी बाई, वय साठीच्या पुढं, भुवयांवर कायम पिठाचा थर. पट्टा निसटला तर कुणाला हाक मारत नाहीत, स्वतःच चढवतात. गिरणीच्या आवाजात बायका काय बोलतात ते त्यांना ओठांवरून कळतं. गावातली कुठली सून माहेरी जाऊन बसली, कुणाच्या म्हशीनं दूध आटवलं, कुठले भाऊ भांडले, हे सगळं ज्वारीबरोबर त्यांच्या गिरणीत येऊन पडतं.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मला लहानपणापासून असं शिकवलं की अन्य भाषांत बोलणं, हात ठेवून आजार बरे करणं, देवाचा निरोप ऐकून सांगणं, ही आत्म्याची दानं प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या काळापुरती होती. घर बांधताना परांची लागते, घर उभं राहिलं की ती उतरवतात, असं आमचे पाळक समजावून सांगायचे. मला ते पटलेलं आहे. मी हे एकदा सरजाबाईंना गिरणीच्या दारात उभं राहून व्यवस्थित समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पायली सुपात ओतली आणि म्हणाल्या, "घराला रंग द्यायचा म्हणलं की परांची परत बांधावीच लागती की, भाऊ."

त्यावरचं माझं उत्तर कुणाला ऐकू गेलं नाही, कारण तेवढ्यात त्यांनी गिरणी चालू केली.

सरजाबाईंची मंडळी वेगळी. गिरणीच्या मागं पत्र्याचं शेड आहे, तिथं पंचवीस-तीस माणसं जमतात. पाळक बालाजी हा तरुण पोरगा, परभणीहून मोटारसायकलवर येतो. दर शुक्रवारी उपास-प्रार्थना असते. सकाळपासून कुणी काही खात नाही, ढोलकी आणि खंजिरीवर गाणी होतात, प्रार्थना होते, आणि दुपारी खिचडीनं उपास सोडतात. खिचडीचा वास माझ्या अंगणापर्यंत येतो, म्हणून मला शुक्रवार पाठ आहे.

या मंडळीत रुख्मिणी नावाची एक बाई आहे, ब्लाउज शिवते. एरवी तोंडातून शब्द निघत नाही, पण प्रार्थनेत रंगली की ती अन्य भाषेत बोलायला लागते. काय बोलते ते कुणालाही कळत नाही, तिलाही नाही. आता बायबलात पौल प्रेषिताचा नियम आहे की अर्थ सांगणारा कुणी नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्यानं मंडळीत गप्प बसावं. बालाजी पाळक नियमाचा पक्का. त्यानं रुख्मिणीला सांगितलं, ताई, अर्थ सांगणारा मिळेपर्यंत मनातल्या मनात बोला. ती बिचारी दर शुक्रवारी आलेलं बोलणं गिळायची आणि मग तिला उचकी लागायची. असे कितीतरी महिने गेले.

एका शुक्रवारी तिला गिळता आलं नाही. बोलून गेली. पाळकानं सवयीनं विचारलं, अर्थ कुणाला आहे का? आणि मागून सरजाबाई उठल्या. त्यांनाही वाटलं नव्हतं आपण उठू, असं त्या सांगतात. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "प्रभू म्हणायलाय, लेकरांनो, भिऊ नका, मी तुमच्यात हाय." सगळे आमेन म्हणाले. सरजाबाई बसल्या, परत उठल्या, आणि म्हणाल्या, "अन सतरंज्या झटकून ठेवत जा, म्हणायलाय."

शेडमध्ये कुणीतरी हसलं. पण सतरंज्या खरोखरच कित्येक दिवस झटकलेल्या नव्हत्या.

तेव्हापासून ही जोडी जमली. रुख्मिणीनं बोलायचं आणि सरजाबाईंनी अर्थ सांगायचा. रुख्मिणीची उचकी कायमची गेली, आणि याला तरी चमत्कार म्हणा, असं पाळक मला म्हणाला. अर्थाची सुरुवात नेहमी मोठी असायची, कृपा, शांती, घाबरू नका. आणि शेपटाला काहीतरी अगदी घरगुती यायचं. पाण्याच्या टाकीला झाकण लावा. म्हाताऱ्याला आधी वाढा, मग आपण जेवा. ज्यानं मांडवाची ताडपत्री नेली त्यानं ती वाळवून आणून द्यावी. ताडपत्री दुसऱ्याच दिवशी घडी घालून शेडच्या दारात आली, आणि वाळवलेलीसुद्धा होती. गावात याचा एवढा बोलबाला झाला की मंडळीत पाऊल न टाकणाऱ्या कस्तुराबाई, मोठ्या शेतीवाल्या घरच्या, दळण घेऊन आल्या की हळूच विचारायच्या, "आमच्याबाबतीत काई आलं का वं?" सरजाबाई सांगायच्या, "तुमचं न्हाई आलं. पन सुनेला जरा झोपू देत जा सकाळी, हे माजं सांगनं हाय."

मी एकदा स्पष्ट बोललो. म्हटलं, वहिनी, हे सगळं तुम्हाला गिरणीत कळतं. ताडपत्री कुणी नेली ते दळण आणणाऱ्या बायकांनी सांगितलं असणार.

"सांगितलंच हुतं," त्या म्हणाल्या.

"मग ते प्रभूनं सांगितलं कसं?"

"का बरं? प्रभूला माज्या गिरणीत यायची बंदी हाय व्हय?"

असल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. म्हणून मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. एका शुक्रवारी गेलो, दाराजवळ चपलांच्या शेजारी बसलो. सगळे डोळे मिटून प्रार्थनेत रंगले तसा मीही हात वर केले आणि माझ्या जुन्या खिडकीतल्या सुरात, पण भराभर आणि एकात एक मिसळून, "धर्माबाद-बासर-बोधन-निजामाबाद, धर्माबाद-बासर-बोधन-निजामाबाद" असं सुरू केलं. ऐकायला फार सुंदर लागत होतं. दोन बायका तर हालेलुया म्हणाल्या. पाळकानं विचारलं, अर्थ? सरजाबाईंनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ही गाडी झरीला थांबत न्हाई, भाऊ. बसा खाली."

सगळं शेड हसलं. पाळकाला तर खंजिरी तोंडासमोर धरावी लागली. मी खिचडी खाऊनच घरी आलो, कारण एवढी फजिती झाल्यावर निदान जेवण तरी सोडू नये.

हे सगळं गमतीचं होतं. पण गेल्या उन्हाळ्यानंतर एक गोष्ट आली जी गमतीची नव्हती.

सरजाबाईंचा मुलगा सिद्धोधन टेम्पो चालवतो. त्याची मुलगी अपेक्षा बारावी झाली आणि नांदेडला नर्सिंगला तिचा नंबर लागला. मुलगी हुशार, आजीच्या गिरणीत दळण मोजता मोजता अभ्यास केलेली, आणि तिला लहानपणापासून हेच करायचं होतं. बाहुलीला सलाइन लावायची ती. त्याच सुमारास देवगाव फाट्यावरून एक स्थळ आलं. मुलाचं टायरचं दुकान, घर मंडळीतलं, माणसं चांगली. रविवारी बघायला येतो म्हणाले. आणि नांदेडला हजर व्हायचा शेवटचा दिवस लगेच दुसऱ्या दिवशीचा सोमवार.

सिद्धोधन वाईट माणूस नाही. भित्रा आहे. मुलगी परक्या गावात, वसतिगृहात, रात्रपाळीची कामं, हे डोळ्यापुढं आलं की तो विषय बदलायचा. त्याची बायको राजेश्री मनातून पोरीच्या बाजूची, पण बोलायची नाही. सरजाबाई मात्र उघड म्हणाल्या, पाठव पोरीला. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं. "आई, तुजं ऐकून मी एकदा पुण्याला गेलतो कंपनीत. काय झालं? तीन महिन्यांत काडीवानी होऊन आलो. तुजं मी ऐकनार न्हाई. प्रभूनं सांगितलं तर पाठवतो. शुक्रवारी बघू."

म्हणजे आईचं ऐकायचं नाही आणि प्रभूचं ऐकायचं, पण प्रभूचं सांगणार कोण, तर आईच. मला वाटलं, झालं, पोरीचं काम फत्ते. गुरुवारी संध्याकाळी मी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेलो. अपेक्षा दाराशी बसून पिशव्यांना नावं बांधत होती. ती आत गेल्यावर मी सरजाबाईंना म्हटलं, "वहिनी, उद्याचं काम सोपं आहे. रुख्मिणी बोलली की उठायचं आणि म्हणायचं, पोरीला पाठवा. सतरंज्यांपेक्षा सोपं."

त्या हसल्या नाहीत. गिरणी बंद केली आणि पोत्यावर बसल्या. किशनराव गेले त्यानंतर मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"तेच भ्या वाटायलंय मला," त्या म्हणाल्या. "तुमाला वाटतं मी बनवून सांगती."

"मला तसं वाटतं, हो."

"मलाबी कवा कवा वाटतं. सतरंज्यांचं कुनाचं हुतं, माजं का त्याचं, आता शपथेवर न्हाई सांगू शकनार. पन ऐका. आता मी गिरणी बंद केली, तर कानाला कसं झालं?"

खरंच, एवढा वेळ घरघर ऐकल्यावर अचानक सगळं थांबलं होतं आणि मागच्या गल्लीतली कोंबडीसुद्धा ऐकू येत होती.

"असं हुतं मला तवा," त्या म्हणाल्या. "रुख्मिणी बोलती अन आतमधलं सगळं बंद पडतं. त्याच्यात एकादी गोष्ट येऊन पडती. ती माजी नसती एवढं कळतं. मी उचलती अन सांगती. पन पोरीचं मला एवढं लागलंय भाऊ, की आठ दिवस झाले, आतमधलं बंदच पडंना."

माझ्या शिकवणुकीप्रमाणे आत काही येऊन पडत नाही, पडलं असेल तर ते आपलंच असतं. पण एका बाईला स्वतःचं आणि दुसऱ्याचं यातला फरक जपायची एवढी काळजी असेल असं मला वाटलं नव्हतं. मी ज्वारी तिथंच ठेवून आलो. दळण उद्या घेतो म्हटलं.

शुक्रवारी मी गेलो. दाराजवळच बसलो. सिद्धोधन पुरुषांच्या बाजूला पुढं, मान ताठ. अपेक्षा आईला चिकटून. तिनं गुरुवारी दुपारपासूनच काही खाल्लं नव्हतं, असं नंतर कळलं. गाणी झाली. पाळकानं बायबलातलं वचन वाचलं. प्रार्थना सुरू झाली आणि रुख्मिणी बोलायला लागली. त्या दिवशी ती बरीच बोलली, हळू आवाजात, थांबत थांबत, लहान मुलाला समजावल्यासारखी. मग गप्प झाली.

"अर्थ?" पाळक म्हणाला.

सरजाबाई उठल्या. पदर सारखा केला. सगळी मंडळी डोळे मिटायचं विसरून त्यांच्याकडे बघत होती. मीही. मनातल्या मनात मी म्हणत होतो, बोला ना वहिनी, चार शब्द आहेत. आयुष्यभर ज्या गोष्टीला मी थोतांड म्हणत आलो ती ही बाई आता करील तर बरं, असं मला मनापासून वाटत होतं.

"पाळकसाहेब," सरजाबाई म्हणाल्या, "आज मला काई आलं न्हाई."

पाळक गोंधळला. म्हणाला, थांबू आपण, एक गाणं म्हणू. गाणं झालं. मी एवढं वाईट गायलेलं गाणं कधी ऐकलं नाही, सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे. सरजाबाई उभ्याच होत्या. गाणं संपल्यावर पाळकानं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आज आतमधी माजीच गिरणी चालू हाय. पोरीला पाठवा, पोरीला पाठवा, एवढंच दळायलीय. तिच्या आवाजात मला त्याचं काई ऐकू येईना. तो काय म्हणला असंल ते त्यालाच ठाऊक. माज्या डब्यातलं पीठ मी त्याचं म्हणून न्हाई देनार कुनाला."

असं म्हणून त्या बसल्या.

कुणी आमेन म्हणालं नाही. रुख्मिणीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अपेक्षानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. सिद्धोधन समोर बघत राहिला. पाळकानं शेवटची प्रार्थना केली आणि खिचडी वाढायला घेतली.

मला आनंद व्हायला हवा होता. या बाईच्या तोंडून "आलं नाही" हे ऐकायची मी इतकी वर्षं वाट पाहत होतो. पण मला पोरीचं फार वाईट वाटलं, आणि सरजाबाईंचा रागही आला. खिचडीच्या पातेल्याशी त्यांना गाठलं आणि म्हटलं, "वहिनी, एवढं खरं बोलायची काय गरज होती? एक वाक्य तर होतं."

त्यांनी माझ्या ताटात खिचडी वाढली. "घ्या. तुमी म्हणता न्हाई का, दानं संपली म्हणून. आज तुमचं खरं झालं. खुश व्हा."

"मी कशाचा खुश होतो. पोरीचं काय?"

"पोरीचं मी बोलनार हाय. पन अर्थ म्हणून न्हाई." त्यांनी पळी पातेल्यात ठेवली, पदराला हात पुसले आणि शेडच्या मधोमध, सिद्धोधन ताट घेऊन बसला होता तिथं जाऊन उभ्या राहिल्या. "सिद्धोधन, मगाशी मला काई आलं न्हाई. आता हे मी सांगायलेय, तुजी आई. पुण्याचं माजं चुकलं. ते माजंच हुतं, देवाचं न्हवतं, अन मी तवाबी देवाचं म्हणलं न्हवतं. ही पोरगी तुज्यावानी न्हाई, हिला करमंल तिथं. मला वाटतं तिला पाठवावं. चूक झाली तर ती माजी."

सिद्धोधननं ताटातली खिचडी संपवली, आणि उठून टेम्पो घेऊन कुठंतरी निघून गेला.

शनिवारी सकाळी मी अंगणात दात घासत होतो तर तो फाटकाशी उभा. झोपलेला दिसत नव्हता. मला वाटलं आईची तक्रार घेऊन आला.

"काका," तो म्हणाला, "सोमवारी नांदेडला सकाळची गाडी कितीची हाय?"

मी तोंडातली पेस्ट थुंकली. जिंतूरहून येणारी पहिली गाडी, परभणी करून नांदेडला जाते, सातच्या आत फाट्यावर उभं राहा, असं एका दमात सांगून टाकलं. मग विचारलं, "आणि उद्याचे पाहुणे?"

"देवगाव फाट्याला फोन केला रातच्याला. पोरगी शिकायला चाललीय म्हणलं. ते म्हणले, काई हरकत न्हाई, शिकू द्या."

"आईचं ऐकलंस शेवटी."

"आईचं न्हाई," तो म्हणाला. मग थोडा घुटमळला. फाटकाच्या कडीशी खेळत राहिला. "काका, खरं सांगू का? ती अर्थ सांगायची तवा मी आमेन म्हणायचो, पन मनातून मला कायम शंका असायची. वाटायचं, आईच बोलायलीय. ताडपत्री, सतरंज्या, सगळं तिचंच. काल तिला एक वाक्य बोललं की काम हुनार हुतं. तिची नात हाय. बोलली न्हाई. आलं न्हाई म्हणली." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तिला काल ऐकू आलं न्हाई म्हणली ना, तवा पैल्यांदा मला खातरी पटली की याच्या आदी तिला ऐकू यायलं हुतं."

"बरं. पण नांदेडचं तर काहीच आलं नव्हतं ना," मी म्हटलं.

"न्हाई आलं. पन आता हे कळलं ना, की ती माजं माजं म्हणती ते तिचं असतं अन त्याचं म्हणती ते त्याचं असतं. मग तिच्या मताचीबी किंमत वाढली की हो."

मी खिडकीत बसून हजारो प्रवाशांना उत्तरं दिली आहेत. या पोराला मी गाडीची वेळच पुन्हा एकदा सांगितली. त्याच्या या हिशेबात कुठंतरी खोट असणार, नक्की असणार. प्रेषितांनंतर दानं संपली यावर माझा विश्वास कायम आहे. ती खोट मी अजून शोधतो आहे. सापडली की सरजाबाईंना सांगीन.

सोमवारी फाट्यावर आम्ही सगळेच होतो. पाळक बालाजी मोटारसायकलवर आला होता, रुख्मिणीनं अपेक्षासाठी दोन पांढरे ड्रेस शिवून आणले होते. राजेश्री पोरीची वेणी पुन्हा पुन्हा सारखी करत होती. सरजाबाईंनी दशम्यांचं एवढं मोठं गाठोडं बांधलं होतं की पोरीपेक्षा तेच जड दिसत होतं. सिद्धोधन बॅग खाली ठेवायला तयार नव्हता. अपेक्षा मात्र हसत होती आणि आजीच्या भुवयांवरचं पीठ ओढणीनं पुसत होती.

गाडी उशिरा आली. मला राग यायला हवा होता. लांबून पत्र्याचा खडखडाट ऐकू आला आणि वळणावर लाल रंग दिसला, तशा सरजाबाई माझ्याजवळ सरकल्या.

"ही थांबती ना हो झरीला, भाऊ?" त्या म्हणाल्या.

"थांबते," मी म्हटलं. आणि हाताचा माइक करून, स्टँडवर पुकारायचो तशी, मी ती गाडी पुकारली.